मी भांडत नाही

पालम,
४ जानेवारी १९८०

ती. अण्णा,

पाया पडते. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. थंडीने अव्वाचे गुडघे धरलेत, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजी नको. अप्पांच्या खाटेवर ती अजून कुणाला बसू देत नाही. रोज सकाळी खाट उन्हात काढते, झटकते, परत आत नेऊन ठेवते. मी एकदा म्हणाले की खाट कुणाला तरी देऊन टाकू, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दिवाळीनंतर तुझं एकच पत्र आलं. लाँग मार्चच्या वेळी एसटी बंद होत्या, टपाल अडकलं असेल, असं मी अव्वाला सांगितलं. आता एसटी सुरू होऊन महिना होत आला, तेव्हा पुढचं कारण तूच कळव.

एक काम आहे. शेजारच्या कुसुमबाईंची मुलगी यंदा दहावीला आहे. तिचं घोडं एका इंग्रजी वाक्यावर अडलंय. माझा भाऊ वालूरच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर आहे हे मी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, म्हणून ती माझ्याकडे आली. वाक्य असं आहे. आय डू नॉट, आणि त्यापुढचा शब्द डी, आय, एस, पी, यू, टी, ई. पहिले तीन शब्द मला सातवीपर्यंतच्या शिदोरीवर लागतात, 'मी करत नाही'. काय करत नाही, ते तू सांग. नीट सांग, पोरीच्या पास-नापासाचा प्रश्न आहे. आणि कार्डावर लिहू नकोस, आंतरदेशीय पाठव. इथला पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतो, मग देतो.

सिकंदराबादहून ह्यांचं पत्र आलं. शिवकन्या बरी आहे म्हणतात. तिला गोवर आला होता तेव्हा मी तिला शेवटची पाहिली, त्याला दहा महिने झाले. अप्पांना लकवा झाल्याची तुझी तार आली आणि ह्यांनीच मला गाडीत बसवलं. "तू अप्पांचं बघून ये, तापल्या पोरीला गाडीत न्यायचं न्हाई," म्हणाले. अप्पा जाऊन अडीच महिने झाले आणि मी अजून इथंच आहे. मागच्या खेपेला तू म्हणालास की माझ्या तोंडापायी सासूबाई मला बोलावत नाहीत. असेलही. मी आता सुधारायचं ठरवलंय. चैत्रात पोरीला पाच वर्षं पूर्ण होतात. त्याच्या आत मला तिच्याजवळ जायचंय, अण्णा. दुसरं मला काही नको.

तुझी
भागम्मा


वालूर,
१० जानेवारी १९८०

चि. सौ. भागम्मास महालिंगचे आशीर्वाद.

पत्र न लिहिण्याचं कारण मतपेट्या. आठ दिवस निवडणुकीच्या कामावर होतो. दोन रात्री एका खेड्यातल्या शाळेत बाकावर काढल्या, पाठ अजून बाकाच्या आकाराची आहे. तुझी वहिनी सुलाबाई रोज तेल लावते आणि रोज सरकारला बोलते.

आता तुझा शब्द. सोपा आहे. उच्चार डिस्प्यूट. अर्थ भांडण, तंटा, वाद. क्रियापद म्हणून आला तर भांडणे, वाद घालणे. आपल्या विद्यापीठाच्या नामांतरावरून जे चाललंय त्याला इंग्रजी पेपरात हाच शब्द असतो, मी रोज वाचतो. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही तेच चालू आहे. दोन तट पडलेत, एकमेकांचा चहा पीत नाहीत. मी पेपर तोंडासमोर धरून बसतो, त्यामुळे दोन्हीकडचा चहा मला मिळतो.

तेव्हा, आय डू नॉट डिस्प्यूट म्हणजे मी भांडत नाही. 'डू नॉट'नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, त्याला शेपूट लावायचं नाही, हेही त्या मुलीला सांग. परीक्षेत नेमकं तेच विचारतात. डिक्शनरी बघायचीही गरज पडली नाही. अठरा वर्षं झाली शिकवतोय.

खरं सांगू का, हे वाक्य दहावीच्या पोरीपेक्षा तुझ्या कामाचं आहे. अण्णाला मोठं केळं आणि मला लहान का, म्हणून तू सात वर्षांची असताना मठातल्या स्वामींशी भांडली होतीस. प्रसादावरून भांडणारी दुसरी मुलगी मी पाहिली नाही. तेव्हा हे वाक्य शंभर वेळा लिहून काढ आणि एक प्रत तुझ्या यजमानांना, शिवरुद्रअप्पांना पाठव. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तुला न्यायला येतील.

अव्वाला नमस्कार सांग.

तुझा
महालिंग


पालम,
१७ जानेवारी १९८०

ती. अण्णा,

पाया पडते. तुझं पत्र सोमवारी आलं आणि मंगळवारी मी तुझा सल्ला मानला. जन्मात पहिल्यांदा मानला, तेव्हा तारीख लिहून ठेव.

आता खरं सांगते, रागावू नकोस. कुसुमबाईंची मुलगी दहावीला आहे हे खरं, पण वाक्य तिचं नव्हतं. ह्यांच्या पत्राबरोबर दोन पानांचा टाइप केलेला इंग्रजी कागद आला होता. चिठ्ठीत ह्यांनी लिहिलं होतं की आईनं तुझ्या तोंडाची धास्ती घेतली आहे. या कागदाच्या खाली एक ओळ स्वतःच्या हातानं लिहून सही कर, म्हणजे घरात तुझ्याबद्दल पुन्हा कुणी बोलणार नाही. ती ओळ वेगळ्या चिठोऱ्यावर दिली होती, मी फक्त उतरवायची. आणि भावाला दाखवू नको, मास्तर माणूस, घरातली गोष्ट चावडीवर नेईल, असंही होतं.

सही करत नाही म्हणावं तर तेच भांडण झालं असतं. पण कळल्याशिवाय सही करू नये, एवढं अप्पांनी शिकवलंय. म्हणून कुसुमबाईंच्या मुलीला मध्ये घातलं. तुझं उत्तर वाचलं आणि मला हसू आलं. एवढंच म्हणवून घ्यायचं होतं तर मराठीत सांगायचं, मी दहा वेळा लिहून दिलं असतं. पाटीवर वीसदा गिरवलं, मग शाईनं लिहिलं, खाली सही केली आणि रजिस्टर करून पाठवून दिलं. पोस्टमास्तर म्हणाले, बाई, अक्षर चांगलंय.

अव्वा म्हणते, बोलावणं आल्याशिवाय पेटी भरू नये. मी भरली. शिवकन्येला गोडंब्या आवडतात, त्या पावशेर आणून ठेवल्यात. तिचं अंगठा चोखणं सुटलं असेल का रे? सुटलं असेल तर मला थोडं वाईट वाटेल.

तुझी न भांडणारी
भागम्मा


वालूर,
२९ जानेवारी १९८०

चि. सौ. भागम्मास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तो कागद कसला होता? वर तिकीट किंवा शिक्का होता का? खाली कुणाची सही होती? तू लिहिलेली ओळ तेवढीच होती, की पुढे आणखी काही शब्द होते? कागदाची प्रत तुझ्याकडे आहे का? असल्यास उलट टपाली पाठव. अव्वाला काही सांगू नकोस. काळजीचं कारण नाही, सहज विचारतो.

पेटीचं एवढ्यात राहू दे.

महालिंग


पालम,
६ फेब्रुवारी १९८०

ती. अण्णा,

पाया पडते. सहज विचारतोस आणि पाच प्रश्न घालतोस. शाळेतल्या पोरांची मला दया येते.

मूळ कागद गेला. पण तुझ्या उत्तराची वाट बघत होते तेव्हा मी दोन्ही पानं वहीत उतरवून घेतली होती. वाचता येत नव्हतं, म्हणून रांगोळीचे ठिपके मोजून काढावेत तसं एकेक अक्षर काढलं. तीन दुपारी लागल्या. ती पानं फाडून सोबत पाठवते आहे. वर गोल शिक्का होता, तो मला काढता आला नाही. शिक्का बघून मला बरंच वाटलं, ह्यांनी पक्कं काम केलंय असं वाटलं.

ओळीत पुढे दोन शब्द होते, टी एच ई आणि ए बी ओ व्ही ई. ते लहान होते म्हणून तुला विचारले नाहीत.

अण्णा, त्या कागदात शिवकन्येचं नाव तीन ठिकाणी आलंय. एस, एच, आय, व्ही अशी सुरुवात बघून मी ओळखलं. पहिल्यांदा ओळखलं तेव्हा त्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसले. माझं नाव सहा वेळा आहे. माझ्याबद्दल इतकं कुणी कधी लिहिलं नव्हतं. काय लिहिलंय ते कळव. चांगलं असेल तर अव्वाला वाचून दाखवीन, तिलाही जरा धीर येईल. एका ठिकाणी १४ मार्च अशी तारीख आहे, ती आकड्यांवरून कळली. त्या दिवशी मला न्यायला येणार, असं असेल का?

भागम्मा


वालूर,
२४ फेब्रुवारी १९८०

चि. सौ. भागम्मास आशीर्वाद. वहीची पानं पोचली. अक्षर खरंच सुरेख आहे. सध्या परीक्षांचं काम फार आहे, सवडीने वाचून कळवतो. सेलूहून अव्वाच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवत आहे, जेवणाआधी चोळावे. तुझी वहिनी आठवण काढते. बाकी सर्व ठीक.

महालिंग


पालम,
१० मार्च १९८०

अण्णा,

तेल मिळालं. उत्तर मिळालं नाही, आणि जे चार शब्द लिहिलेस तेही कार्डावर. चौदा तारीख शुक्रवारी आहे.

भागम्मा


पालम,
१८ एप्रिल १९८०

अण्णा,

परवा सिकंदराबादहून जाड पाकीट आलं. पोस्टमननं सही घेतली. मी आधी पेटी बाहेर काढली, लुगडं बदललं आणि मग पाकीट फोडलं. सगळं इंग्रजी होतं. या खेपेला तुला विचारलं नाही. काल सकाळच्या एसटीनं गंगाखेडला दत्तराव वकिलांकडे गेले. ते अप्पांना ओळखत होते. त्यांनी सगळं मनात वाचलं आणि मला बसा म्हणाले. मी बसलेलीच होते.

त्यांनी वाचून सांगितलं ते असं. मी सासूशी भांडून, स्वतःच्या मर्जीनं घर सोडलं. पोर तापानं फणफणलेली असताना तिला टाकून गेले. नंतर बोलावलं तरी आले नाही. म्हणून कोर्टानं फारकत दिली आहे आणि मुलगी बापाकडेच राहील. चौदा मार्चला माझं म्हणणं ऐकायची तारीख होती आणि मी गेले नाही. मी म्हणाले की हे सगळं खोटं आहे, ह्यांनीच मला गाडीत बसवलं होतं.

"बाई, पण तुमीच कबूल केलंय की," वकील म्हणाले. "खाली तुमच्या हाताचं अक्षर हाय."

"म्या फकस्त भांडत न्हाई म्हनलं, साहेब. एवढंच लिवलंय."

"त्याचा अर्थ भांडत न्हाई असा होत न्हाई. वर लिहिलेलं समदं खरं हाय, माझी काई हरकत न्हाई, असा होतो."

मी त्यांच्याशी वाद घातला, अण्णा. माझा भाऊ इंग्रजीचा मास्तर आहे, अठरा वर्षं शिकवतोय, तो चुकणार नाही, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. बाहेर बाकावर चार पक्षकार बसले होते, ते ऐकत होते. वकील रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की हे कागद भावाला कधी दाखवले. मी म्हणाले, सही करून पाठवल्यावर, वहीत उतरवलेले, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. त्यांनी कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, तेव्हा वेळ होता. चौदा तारखेला उभं राहून सांगितलं असतं तर कोर्टानं ऐकलं असतं.

मी पोरीला तापात टाकून गेले असं लिहिलंय, अण्णा. ती मोठी होऊन ते वाचेल.

फेब्रुवारीत तुला कळलं होतं का? तेवढंच लिही. दुसरं काही लिहू नकोस.

भागम्मा


वालूर,
२७ एप्रिल १९८०

भागम्मा,

होय. कळलं होतं.

वर 'चि. सौ.' लिहायला घेतलं आणि हात थांबला, म्हणून नुसतं नाव लिहिलं. दुसरं काही लिहू नकोस म्हणालीस, पण लिहिल्याशिवाय मला सुटका नाही. नको असेल तर इथून पुढे वाचू नकोस.

तुझं सही केल्याचं पत्र आलं ते खिशात घालूनच मी शाळेत गेलो. हेडमास्तरांच्या कपाटात मोठी डिक्शनरी आहे, तिला कधी कुणी हात लावत नाही. मधल्या सुट्टीत मी ती काढली. पहिला अर्थ मी सांगितला तोच होता, भांडणे. त्याच्याखाली दुसरा होता. एखादी गोष्ट नाकारणे, ती खरी नाही असे म्हणणे. माणसाशी भांडलं तर पहिला अर्थ, सांगितलेल्या गोष्टीशी भांडलं तर दुसरा. मला शब्द येत होता, तो वापरतात कसा ते येत नव्हतं. अठरा वर्षांत कुणी विचारलं नाही, म्हणून कळलंही नाही.

मग तुझी वहीची पानं आली. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. मी ती शाळेत वाचू शकलो नाही. मारुतीच्या पारामागे जाऊन वाचली. तू लिहिलेल्या त्या दोन लहान शब्दांचा अर्थ 'वर लिहिलेलं' असा आहे. ते आधी पाठवले असतेस तर मला कळलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होतो. ते खरं नाही. वाक्य कुठलं आहे, पुढे काय आहे, असं विचारणं माझं काम होतं. मी विचारायच्या ऐवजी तुझी चेष्टा केली आणि एक प्रत नवऱ्याला पाठव म्हणालो.

चौदा तारखेचा अर्थ मला कळला होता. कुणाही वकिलाकडे गेलो असतो तर त्यानं पहिलं विचारलं असतं की या बाईला हा अर्थ सांगितला कुणी. गावात मला सगळे इंग्रजीचे सर म्हणतात. बाजारात माणसं तार आली की माझ्याकडे धावतात. तेवढ्यासाठी, भागम्मा. त्याहून मोठं कारण असतं तर मी लिहिलं असतं. बारा मार्चला मी सिकंदराबादचं तिकीट काढून सेलूच्या फलाटावर बसलो होतो. गाडी आली, थांबली आणि गेली. मी बाकावरून उठलो नाही. घरी येऊन सुलाबाईला सांगितलं, गाडी चुकली. तिनं मला चहा करून दिला.

अप्पांना लकवा झाल्याची तार मी केली होती. तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर होत्या, म्हणून मी स्वतः आलो नाही, तुला बोलावलं. तू सासर सोडून आलीस ती माझ्या तारेनं आलीस आणि परत गेली नाहीस ती माझ्या अर्थानं. कागदात जे जे तुझ्या नावावर लिहिलंय ते माझ्या नावावर हवं होतं.

मी जूनपासून बिनपगारी रजा घेतो आहे. सिकंदराबादला जाऊन मोठा वकील गाठतो. जे म्हणायला लावतील ते कोर्टात उभा राहून म्हणेन. तू मला काय हवं ते बोल. तुझं भांडणं मी लहानपणापासून ऐकत आलोय, आता गप्प राहू नकोस.

महालिंग


पालम,
३ जून १९८३

ती. अण्णा,

तीन वर्षांनी लिहिते आहे. तुझी सगळी पत्रं मिळाली. मी ती फोडते, वाचते आणि ठेवून देते. प्रत्येक पत्रात तू माफी मागतोस. माफ केलं म्हटलं तर शिवकन्या परत येत नाही आणि नाही केलं म्हटलं तरी येत नाही. मग त्या शब्दाचं मी काय करू, हे मला कळलं नाही, म्हणून उत्तर दिलं नाही.

तू तिकडे किती खेपा घातल्यास ते अव्वा सांगते. कोर्टात उभा राहून, मला इंग्रजी येत नाही असं तू शंभर माणसांत म्हणालास, हेही तिनं सांगितलं. ते सांगताना ती रडली. निकाल फिरला नाही. वर्षातून एक दिवस, दोन तास, त्यांच्या घरी बसून भेटायचं, एवढं तू मिळवून आणलंस. पहिल्या वर्षी ते लोक गावाला गेले होते. दुसऱ्या वर्षी पोरीची परीक्षा होती. यंदा भेट झाली. ती सांगायला तुझ्याशिवाय मला कुणी नाही. अव्वाला सांगितलं तर ती जेवायची नाही. म्हणून तुला लिहिते.

मी एकटीच गेले. दार त्यांनी नंतर केलेल्या त्या दुसऱ्या बायकोनं उघडलं. कमलबाई तिचं नाव. मी तिला शिव्या द्यायचं ठरवून गेले होते, पण तिनं आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, पाय धुवायला न्हाणी दाखवली. बाई वाईट नाही. ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

शिवकन्या आतून आली. आठ वर्षांची झाली, उंच झाली आहे. दोन वेण्या, शाळेचा बिल्ला अजून फ्रॉकला लावलेला. चेहरा अप्पांवर गेलाय, हनुवटी अगदी तीच. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि समोरच्या खुर्चीवर बसली. मी तिला जवळ ये म्हणाले. तिनं आधी कमलबाईकडे बघितलं, मग आली.

मी जे बोलायचं म्हणून तीन वर्षं घोकून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. तापात टाकून गेले नाही, हे सांगायला मी एवढी गेले होते, अण्णा. पण तिला तो ताप आठवत नव्हता. मग मी शाळेचं विचारलं. ती इंग्रजी शाळेत जाते, वर्गात तिसरी आली. मी धपाटे नेले होते. तिनं अर्धा खाल्ला आणि विचारलं, "तुमी खाल्लं का? तुमी बी घ्या ना."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग म्हणाली, "तुमी लय लांबून आलात का? तुमाला तहान लागली असंल." इतकी गोड बोलते. इतकी चांगली शिकवलीय तिला. तेवढ्यात धपाट्याचं तिखट तिच्या डोळ्यात गेलं आणि ती ओरडली, "आई, तू इकडं ये की लवकर." मी उठले. कमलबाई आतून पळत आली.

मुलं आईला तू म्हणतात, अण्णा. पाहुण्याला तुमी म्हणतात. तू मास्तर आहेस म्हणून सांगते, याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.

डोळे धुऊन ती परत आली. मी तिला मांडीवर घेतलं नाही, मोठी झालीय. वेण्यांना नुसता हात लावला. दोन तास व्हायला वीस मिनिटं उरली होती, तरी मी उठले. कमलबाई तिला म्हणाली, जा, दारापर्यंत पोचवून ये. ती माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली, कडी काढली आणि हात जोडले.

"नीट जावा," म्हणाली. "परत या."

मी व्हय म्हणाले.

भागम्मा